तीन दुर्बिणी आणि ऑगस्टचं पान

शुक्रवारी संध्याकाळी शेजारचा म्हातारा आमच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या गळ्यात तीन दुर्बिणी होत्या. वरातीच्या घोड्याला माळा घालतात तशा, एकीवर एक. घोड्यासारखाच तो किंचित अवघडलेला होता.

"तू भिंगांचं काम करतोस ना?" त्यानं विचारलं. हा माणूस नेहमी मोठ्यानं बोले. तो आमच्या दारात बोलला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उत्तर देत.

करत होतो. सांता क्लाराच्या एका कंपनीत मी संगणकाच्या चिपांवर नक्षी छापणाऱ्या यंत्रांची भिंगं तपासत असे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून, बंद खोलीत, केसाच्या शंभराव्या भागाएवढ्या रेघा मोजत. पार्ट्यांमध्ये लोक मला "काय करता?" असं एकदाच विचारत. उत्तर ऐकून पुढच्या वेळी "मुलंबाळं?" कडे वळत. तेव्हा भिंगांबद्दल आपणहून विचारणारा माणूस दारात आला म्हटल्यावर मी त्याला हात धरून आत आणला आणि बायकोला दोनदा चहा टाकायला सांगितलं.

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, पहिला उकळतोय."

शेजाऱ्याची हकिगत अशी. मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं काढून तो निवृत्त झाला होता. कॅलिफोर्नियात एल्कची शिकार करायची तर सरकारी सोडतीत चिठ्ठी निघावी लागते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा, अंगानं घोड्याएवढा आणि शिंगं मांडवाला घालावीत अशी. अर्ज हजारो, परवाने मोजके. वर्षानुवर्षं अर्ज करून त्या वर्षी त्याची चिठ्ठी निघाली होती. आणि निघाल्याच्या आनंदात त्याची जुनी दुर्बीण ट्रकच्या मागच्या फळीवर राहून गेली, ती कुठल्याशा वळणावर पडली. ओळखीच्या दुकानदारानं तीन नव्या, उत्तम प्रतीच्या दुर्बिणी सोमवारपर्यंत वापरून बघायला दिल्या होत्या. एक ठेवायची, दोन परत करायच्या.

"कुठली ठेवू ते सांग," तो म्हणाला.

खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीजवळच्या खुर्चीत माझे वडील बसले होते. बाबा जंगल खात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी चांद्याकडच्या जंगलात. आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते, त्यातले चार संपले होते, आणि त्या चार महिन्यांत त्यांनी पाहिलेलं एकूण वन्यजीवन म्हणजे दोन खारी आणि कचऱ्याच्या डब्याशी आलेला एक रॅकून, उदमांजरासारखा. टाउनहाउसच्या खिडकीतून समोरच्या टाउनहाउसची खिडकी दिसते. बाबा तीच बघत बसत. आल्या आल्या ते मराठी मासिकं वाचायचे, मग सुनेला वाचून दाखवायला सांगू लागले. "तुझा आवाज छान आहे," असं कारण दिलं होतं. ती खूश, मी खूश.

शिकार हा शब्द कानावर पडताच बाबा उठले. शेजाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हात पुढे केला. शेजाऱ्याला वाटलं हात मिळवायचाय. त्यानं मिळवला. बाबांनी तो सोडवून घेतला आणि पुन्हा पुढे केला, तळवा वर करून.

"परमिट," बाबा म्हणाले.

मी जमिनीत जायच्या तयारीत होतो. पण म्हाताऱ्यानं खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून घडी केलेला परवाना. बाबांनी तो दिव्याखाली धरला, उलटवला, परत सुलटा केला, कागदाला बोटानं चाचपलं.

"नर एक," बाबा इंग्रजीत म्हणाले. "मादी मारली तर?"

"तर माझा परवाना गेला, बंदूक गेली आणि मी चर्चमध्ये तोंड दाखवायचा नाही," शेजारी म्हणाला.

बाबांनी परवाना परत केला. त्यानंतर शेजारी त्यांना रेंजर म्हणू लागला आणि बाबा त्याला मिस्टर. दोघांनी एकमेकांना शेवटपर्यंत दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही.

चहा होईतो दोघांचं ठरूनही गेलं होतं. शिकारीच्या आधी एकदा बंदुकीशिवाय डोंगरात जायचं, पहाटेपासून बसून कळप कुठे उतरतो, कुठे पाणी पितो ते बघून ठेवायचं. म्हाताऱ्याला सोबत हवी होती. "माझ्याबरोबर आणखी दोन डोळे हवेत," तो म्हणाला. "रेंजर, याल?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दहावीच्या सहलीला जाऊ का, असं मी त्यांना ज्या चेहऱ्यानं विचारलं होतं तोच चेहरा त्यांनी आता केला होता. सगळं काही त्यावर लिहिलेलं होतं. दहा वर्षं जंगलात पाऊल पडलं नव्हतं. सप्टेंबरअखेरचं परतीचं तिकीट होतं. पुढे नागपूरचा फ्लॅट आणि गच्ची.

आणि मी, सुजाण मुलगा, म्हणालो, "बघू. डोंगर आहे, साप आहेत, कडे आहेत. नजर चांगली असली पाहिजे. आपण उद्या दुर्बिणींची टेस्ट करू, त्यातच तुमचीही होऊन जाईल. पास झालात तर जा."

"काहून, मी बोर्डाच्या परीक्षेला बसतोय का?" बाबा म्हणाले. पण तयार झाले.

---

आता प्रयोगाबद्दल सांगतो, कारण तो मी फार सुंदर मांडला होता.

तीन दुर्बिणींना मी नावं दिली: थोरली, मधली, धाकटी. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला आकडा ती किती पट मोठं दाखवते तो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. थोरली सात-बेचाळीस, रबरी हिरव्या अंगरख्यातली, गळ्यात घातली तर मान लवते अशी. मधली दहा-चाळीस, काळी, मोजक्या अंगाची. धाकटी दहा-पंचवीस, घडी घालून खिशात मावणारी, चष्म्याच्या डबीएवढी. तिन्ही महाग. धाकटीला हातात घेतलं की "अय्या" म्हणावंसं वाटे, आणि माझ्या बायकोनं ते म्हटलंही.

शेजाऱ्यानं एकच अट घातली होती. टेस्ट भर दुपारी करायची नाही. हरणं दिवसाच्या दोन्ही टोकांना बाहेर पडतात, तेव्हा बघायचं ते मावळतीच्या उजेडात.

राहिला प्रश्न तक्त्याचा. ऑफिसमध्ये माझ्याकडे काचेवर कोरलेले तक्ते होते, पण ते तीस पावलांवरून बघायचे नव्हते. बारीक, निरनिराळ्या आकाराची, भरगच्च अक्षरं असलेला मोठा कागद हवा होता. मी स्वयंपाकघरात गेलो आणि तो समोरच लटकत होता.

प्रत्येक मराठी घरात असतो तोच. बायकोची बहीण दर वर्षी कुणाच्या तरी बॅगेतून पाठवायची ते भिंतीवरचं कॅलेंडर. तारखेचा आकडा मोठा, त्याखाली तिथी, नक्षत्र, त्याखाली सण, त्याखाली चंद्रोदय, आणि सगळ्यात खाली मुंगीच्या पायांनी लिहिल्यासारखं काहीतरी, जे सर्वांत महत्त्वाचं असतं. याहून चांगला तक्ता जर्मनीतसुद्धा छापत नसतील, असं मी मोठ्यानं म्हणालो.

"रविवारपर्यंत परत भिंतीवर हवंय," बायको म्हणाली. "श्रावण सुरू आहे."

शनिवारी सूर्य डोंगराआड गेल्यावर मी ऑगस्टचं पान आमच्या मागच्या सामाईक हिरवळीच्या टोकाला, कुंपणाच्या फळ्यांवर लावलं. वाऱ्यानं फडफडू नये म्हणून चारी बाजूंनी ऑफिसातले काळे चिमटे लावले, कागदांच्या गठ्ठ्यांना लावतात ते. तीस पावलं मोजली. खुर्ची ठेवली. खुर्चीसमोर बार्बेक्यूचं स्टँड, कोपर टेकायला. मी हातात गुणांचा कागद धरून उभा राहिलो, प्रत्येक दुर्बिणीला दहापैकी गुण द्यायला. शेजारी कडेला बियर घेऊन बसला. लग्नात मुलीकडच्यांनी बसावं तसा, हात जोडल्यासारखे ठेवून.

पहिली बायको. थोरलीतून तिनं धडाधड वाचलं. मधलीतून वाचलं. धाकटीतून वाचलं, "अय्या, किती हलकी" हे मधेमधे घालून. तीस पैकी तीस.

मग मी. मला थोडा वेळ लागला, कारण मी शास्त्रीय चेहरा करून बसलो होतो. पण मीही सगळं वाचलं. नागपंचमी, नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी. तीस पैकी तीस.

मग बाबा. त्यांनी बसायच्या आधी टोपी नीट केली. आणि आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तसं सुरू झालं. त्यांनी नुसते सण वाचले नाहीत. नक्षत्रं वाचली. संकष्टीचा चंद्रोदय मिनिटांसकट वाचला. शेवटच्या रकान्यात उतरले आणि आवाज चढवून म्हणाले, "एकतीस तारीख. पिठोरी अमावास्या. पोळा." तिन्ही दुर्बिणींतून तेच, त्याच लयीत, अडखळल्याशिवाय.

"पास?" त्यांनी विचारलं.

"डिस्टिंक्शन," मी म्हणालो. बाबांनी शेजाऱ्याकडे बघून अंगठा वर केला. ही खूण ते दोन महिन्यांपूर्वी टीव्हीवरून शिकले होते आणि वापरायची संधी बघत होते.

आता निकाल. तिन्ही दुर्बिणींना सारखे गुण पडले होते. तिघी सारख्याच चांगल्या असतील तर जी सर्वांत हलकी ती उत्तम, हे तर उघडच. मी घसा साफ केला, शेजाऱ्यासमोर उभा राहिलो आणि धाकटी त्याच्या हातावर ठेवली. थोडं वाकूनही दाखवलं.

म्हाताऱ्यानं धाकटीकडे पाहिलं. मग डोंगराकडे.

"मला तर हिच्यातून या वेळेला काळोखच दिसतो," तो म्हणाला. "पण तू भिंगांतला माणूस."

"तुम्हीही वाचून बघा ना," बायको म्हणाली.

"मी काय वाचू? माझ्यासाठी ते चित्र आहे."

"मग चित्र काढा."

मला ही सूचना अशास्त्रीय वाटली, पण तिनं आतून कागद आणि पेन्सिल आणली होती. म्हातारा खुर्चीत बसला. कारखान्यात त्यानं यंत्रांचे सुटे भाग रेखाटले होते, त्यामुळे हात सफाईदार होता. धाकटीतून बघून त्यानं शेवटच्या रकान्याचं चित्र काढलं: पाच राखाडी डाग. मधलीतून: पाच चौकटी, आत सुरवंट. थोरलीतून बघायला लागला तेव्हा त्यानं बियर खाली ठेवली. बराच वेळ काढला. मग कागद आम्हाला दिला.

दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचं चित्र त्यानं काढलं होतं. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरून जाणारी रेघ म्हणजे दोरी, आणि तिला लटकलेले सदरे, विजारी, एखादा लंगोट. माणसाला देवनागरीचं एक अक्षर येत नव्हतं, पण त्याच्या दोरीवर आम्हाला नक्षत्रं वाचता येत होती. मी थक्क झालो. मग बायकोनं शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं.

एकतीस तारखेच्या चौकटीत कपडे नव्हते. तिथे एक काळा चौकोन होता आणि त्याला दोन वाकवलेल्या तारांचे कान होते.

"हे काय?" तिनं त्याला विचारलं.

"चिमटा," तो म्हणाला. "त्या चौकटीवर चिमटा आहे. दुसरं काय दिसणार?"

मी तीस पावलं चालत गेलो. कुंपणापाशी उभा राहिलो. पानाच्या उजव्या काठावर मी स्वतः लावलेला चिमटा एकतीस तारखेवर बसला होता. पिठोरी अमावास्या आणि पोळा दोन्ही त्याखाली गाडले गेले होते. आणि ही चौकट आम्ही तिघांनी, तिन्ही दुर्बिणींतून, एकूण नऊ वेळा वाचली होती.

परत येताना तीस पावलं फार लांब वाटली.

"मला वाटलं मला दिसलंच," बायको म्हणाली.

"मलाही," मी म्हणालो, आणि मग आम्ही दोघं जे हसत सुटलो ते शेजाऱ्याला काहीही समजावून सांगण्याच्या पलीकडे. तिचा श्रावण तोंडपाठ होता. माझा तिच्या उपासांमुळे पाठ होता, कारण त्या दिवशी आमच्याकडे काय मिळणार नाही हे मला माहीत असावं लागे. भिंगांत आयुष्य घालवलेल्या माणसानं दृष्टीची परीक्षा घ्यायला असा कागद निवडला होता की जो डोळे बांधूनही वाचता यावा.

बाबा हसत नव्हते. ते बार्बेक्यूच्या स्टँडवरचा राखेचा डाग बोटानं पुसत होते.

---

दुसऱ्या फेरीसाठी शेजाऱ्यानं त्याच्या ट्रकच्या मॅन्युअलमधलं एक पान काढून आणलं. गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल काहीतरी. ते कुणालाच पाठ नव्हतं. उजेड आणखी उतरला होता. धाकटीतून बायकोला जेमतेम एक ओळ वाचता आली, मला दीड. मधलीतून निम्मं. थोरलीतून जवळजवळ सगळं. गणित सोपं होतं आणि ते मी आदल्या दिवशीच करायला हवं होतं: रुंदीला पटीनं भागलं की डोळ्यात किती जाड उजेडाचा झोत येतो ते कळतं. धाकटीचा अडीच मिलिमीटर, थोरलीचा सहा. शिवाय दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण हाताचं थरथरणंही दहा पट मोठं दाखवते. जाहिरातीत ते लिहीत नाहीत.

"बाबा," मी म्हणालो.

ते बसले. थोरली डोळ्यांना लावली. मधलं चाक फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलट. आम्ही वाट बघितली. कुणीतरी लांब लॉनवर पाणी सोडलं, त्याचा चक-चक आवाज येत राहिला.

"धूर आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. मग आमच्याकडे न बघता सांगितलं. उजवा डोळा दोन वर्षांपासून. डावा त्याच्या मागोमाग निघालाय. मोतीबिंदू. नागपूरच्या डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली होती, ती मार्चमधली होती.

"मार्चमध्ये तर तुम्ही इकडे आलात," बायको म्हणाली.

"म्हणूनच आलो."

वाघिणीनं वाट अडवली तेव्हा सायकल आडवी धरून उभा राहिलेला हा माणूस. डोळ्यावर सुरी येणार म्हटल्यावर त्यानं थेट अमेरिका गाठली होती.

"आणि कॅलेंडर?" मी विचारलं.

"अरे, तिथ्या पाठ असणं ही माझी नोकरी होती," बाबा म्हणाले. "अमावास्येला चोरटे शिकारी निघतात, त्या रात्री गस्त. वैशाखातल्या पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून जनावरांची मोजणी. तेहतीस वर्षं. चंद्रोदयाची मिनिटं तेवढी सूनबाईनं वाचून दाखवलेली. तू पान लावलंस तेव्हा मला वाटलं, देवानंच पेपर फोडला."

मग ते उठले. टोपी काढली. शेजाऱ्यापुढे जाऊन उभे राहिले आणि वरिष्ठांना तोंडी अहवाल देतात त्या इंग्रजीत बोलले. "मिस्टर, मला रिपोर्ट करायचं आहे की मला दिसत नाही. मी खोटं वाचलं. तुम्हाला डोळे हवे होते. माझ्याकडे नाहीत. तुम्ही दुसरा माणूस बघा."

मला त्या क्षणी माझ्या त्या अटीचा, त्या 'पास झालात तर'चा, भयंकर राग आला. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं.

पण म्हाताऱ्यानं हात वर केला. आपली टोपी काढली, आणि डोकं वळवून डावा कान बाबांच्या तोंडाशी नेला.

"या बाजूनं पुन्हा सांगा," तो म्हणाला.

बाबांनी पुन्हा सांगितलं, हळू आवाजात.

"एक शब्द आला नाही," शेजारी म्हणाला. "कारखान्यातल्या प्रेस-यंत्राचा दणका आणि बंदुकांचे बार. उजव्यानं ऐकू येतं, पण बारीक आवाज नाही. एल्कचा नर शीळ घालतो, माहीत आहे? एवढं मोठं धूड, पण शीळ बासरीसारखी. कळप शोधायचा तो त्या शिळेवरून. मी ती नऊ वर्षांत ऐकलेली नाही." त्यानं हातातल्या टोपीची कड चाचपली. "बायकोला वाटतं मी तिचं मुद्दाम ऐकत नाही. मी तसंच वाटू दिलंय. रेंजर, मला डोळे नको होते. कान हवे होते. मागायची लाज वाटली, म्हणून डोळे म्हणालो."

म्हणून हा माणूस कायम एवढ्या मोठ्यानं बोले. चार वर्षं शेजारी राहून माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी केसाच्या शंभराव्या भागाएवढ्या रेघा मोजणारा माणूस.

"तुम्हाला ऐकू येतं का?" त्यानं बाबांना विचारलं.

बाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "सूनबाई वरच्या मजल्यावर डबा उघडते," ते म्हणाले, "तर तो लाडवाचा की चिवड्याचा, मला खालून कळतं."

"म्हणूनच," बायको मराठीत म्हणाली, "लाडू पुरत नाहीत."

---

तीन शनिवारांनंतर आम्ही निघालो. मी ड्रायव्हर आणि पाणी वाहणारा, याहून वरचा हुद्दा मला मिळाला नाही. थोरली शेजाऱ्याच्या गळ्यात होती. मधली आणि धाकटी दुकानात परत गेल्या होत्या. डोंगर दोन तासांवर, वाळलेल्या सोनेरी गवताचे, मधेमधे ओकची काळपट झाडं. उजाडायच्या आधी आम्ही एका उतारावर बसलो. बाबांनी कानटोपी घातली नव्हती. सुनेनं दिली होती, ती खिशात होती.

त्यांनी आधी जमिनीला हात लावला. चिमूटभर माती घेऊन हुंगली. मग डोळे मिटून बसले. चार महिने खिडकीत बसलेला माणूस आणि हा माणूस एकच आहे हे मला कुणी पटवून द्यायला हवं होतं.

पाऊण तास काही घडलं नाही. माझ्या पायांना मुंग्या आल्या. मग बाबांनी शेजाऱ्याच्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवली.

मलाही आलं ऐकू, पण त्यांच्यानंतर. कुणी दूरवर गंजलेलं फाटक हळूच उघडावं आणि ते उघडता उघडता गाऊ लागावं, तसं काहीतरी. बाबांनी हात लांब केला. शेजाऱ्यानं थोरली त्या दिशेला लावली.

"काही नाही," तो पुटपुटला.

"खाली," बाबा म्हणाले. "आवाज वरून आल्यासारखा वाटतो, पण तो समोरच्या कड्यावर आपटून येतोय. खाली घळ असेल. घळीत पाणी. जनावर पाण्याकडे तोंड करून आहे."

म्हाताऱ्यानं दुर्बीण खाली आणली, हळू, अगदी थोडी. आणि ती थांबली. त्याचं तोंड उघडं राहिलं.

"किती?" बाबांनी विचारलं.

"अकरा. बारा. त्यातला एक…" त्यानं बाकीचं सांगितलं नाही. गळ्यातला पट्टा काढला आणि दुर्बीण बाबांच्या हातात दिली. त्यांची कोपरं स्वतःच्या खांद्यावर टेकवली, म्हणजे हात हलू नयेत. मागून पाहिलं असतं तर कुणाला वाटलं असतं, दोन म्हातारे एकमेकांना धरून रडतायत.

बाबा खूप वेळ बघत होते. मग उजवा डोळा मिटला आणि नुसत्या डाव्यानं बघितलं.

"दिसतंय?" मी विचारलं.

"धूरच आहे," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "पण धुरात कुणीतरी चालतंय. मान मागे टाकून. नर आहे, शिंगांचं ओझं आहे त्याला. चाल बघ, कसा मालकासारखा."

उतरताना त्यांनी माझा खांदा धरला होता. वाटेत ते एकदम थांबले, म्हणून मीही थांबलो.

"तो डॉक्टर म्हणाला होता, आता डोळ्यातच भिंग बसवतात," ते म्हणाले. "आतमध्ये. कायमचं."

"हो. बसवतात."

"तू भिंगांतला माणूस. ते कसं असतं, ते बघून ठेव. उगाच हलकं आहे म्हणून घेऊ नकोस."

---

पुढे शेजाऱ्यानं शिकार केली की नाही, हे मला लोक नेहमी विचारतात. केली. ठरलेल्या दिवशी, एकट्यानं, परवान्यात लिहिलेला एक नर. बाबा त्या दिवशी गेले नाहीत. मोजणीला कधीही येईन, शिकारीला नाही, असं त्यांनी आधीच रिपोर्ट केलं होतं. म्हाताऱ्यानं कळप त्याच घळीत शोधला. आणि त्या सकाळी त्याच्या उजव्या कानात श्रवणयंत्र होतं, जे इतकी वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होतं. त्याच्या बायकोनं आमच्याकडे एक मोठा केक पाठवला. का, ते तिनं सांगितलं नाही.

बाबा सप्टेंबरअखेर नागपूरला गेले. डिसेंबरात उजवा डोळा झाला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला निळं एअरोग्राम आलं, घडी घालून चिकटवायचं परदेशी टपालाचं पत्र. बाबांचं अक्षर दोन वर्षांत मोठं आणि वाकडं होत गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं, कारण हे अक्षर पुन्हा बारीक होतं, घडीच्या कडेपर्यंत भरलेलं.

त्यांनी लिहिलं होतं की डॉक्टर चांगला निघाला, दुखलं नाही, आणि भिंगाची निवड त्यानं केली असली तरी श्रेय तू घे. घरी आल्यावर नव्या वर्षाचं कॅलेंडर दिवाणखान्याच्या भिंतीवर होतं. नवं असल्यामुळे त्यातलं काही पाठ नव्हतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकली आणि नुसत्या उजव्या डोळ्यानं जानेवारी वाचला. तिथ्या वाचल्या, नक्षत्रं वाचली, मुंगीच्या अक्षरातला चंद्रोदयसुद्धा वाचला. मग पत्राच्या शेवटी एक ओळ होती, ती मी माझ्या बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली आणि तिनं ती जाऊन शेजाऱ्याला त्याच्या उजव्या कानात सांगितली.

"फक्त एकतीस तारखेचं काय ते सांगता येत नाही. तिथे मी चिमटा लावला होता."